वाट किती पाहावी?

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते आणि आमच्या शाळेचा संगणक उठेना.

'उठेना' हा आमच्या शाळेतला रूढ शब्द. पंखा बंद पडतो, नळ बिघडतो, घंटेचा लोलक निखळतो. संगणक मात्र 'उठत नाही'. रोज सकाळी शिपाई बटण दाबतो, काळ्या पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचे वर्तुळ गरगर फिरू लागते आणि मग स्वारी जागी होऊन कामाला लागते. त्या दिवशी ठिपके फिरतच राहिले. प्रार्थना झाली, हजेरी झाली, पहिला तास संपला. ठिपके आपले फिरताहेत! सहामाहीचा सारा निकाल त्या पेटीत होता आणि दुसऱ्या दिवशी पालक येणार होते.

अशा वेळी माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते त्या दिवशी मी माझ्याच तोंडून ऐकले. मी विचारले, "काल याला हात कोणी लावला होता?"

हात सातवीतल्या एका मुलाने लावला होता. भित्तिपत्रकासाठी त्याचा निबंध निवडला होता आणि तो टंकित करायला मीच त्याला बसवले होते. मुलगा हुशार, पण बोलताना अडखळणारा. एकदा वाक्य मार्गी लागले की पुढे बरे चालते. अडते ते पहिल्या अक्षराशी. वर्गात मी त्याला उभे केले. "काल काय केलंस त्या संगणकाला?"

तो उभा राहिला. मान खाली. ओठ हलले. "मी... मी... मी..."

मी थांबले. किती थांबले असेन? अर्धे मिनिटही नसेल. मग म्हणाले, "बस खाली. कळलं."

साऱ्या वर्गाला कळले. मला काय कळले ते त्या मुलालाही कळले. तो खाली बसला आणि त्या दिवशी त्याने डबाही उघडला नाही, असे नंतर मुलींनी सांगितले.

दुपारी बाजारातल्या दुकानातून दुरुस्ती करणारा तरुण आला. आल्या आल्या मी त्याला मुलाची हकीकत सांगू लागले, तर त्याने ती अर्ध्यावरच थांबवली. "ते राहू द्या बाई. आधी सांगा, हा अडतो कुठे?"

कोणी केले, हे विचारायला लागणारी बुद्धी आणि कोठे अडले, हे विचारायला लागणारी बुद्धी या दोन निराळ्या आहेत. पहिली सर्वांपाशी असते. रागाबरोबर ती आपोआप येते. दुसरी शिकावी लागते. मॅट्रिक होऊन इतकी वर्षे मी मुलांना शिकवते आहे आणि पाचपंचवीस पात्रांच्या मनात शिरून कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. पण त्या दिवशी दुसरी बुद्धी त्या पोरसवदा कारागिरापाशी होती आणि माझ्यापाशी नव्हती.

यंत्र उठते म्हणजे काय होते, ते त्याने मला खुर्चीत बसवून समजावले. बटण दाबताच काही संगणक जागा होत नाही. आत एका लहानशा चकतीत कायमचा लिहून ठेवलेला एक छोटा प्रोग्राम असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. तो आधी घर झाडून घेतो: स्मृती ठीक आहे ना, कळफलक जागेवर आहे ना, डिस्क सापडते ना? मग तो डिस्कवरच्या दुसऱ्या प्रोग्रामाला हाक मारतो. तो दुसरा, कार्यप्रणालीचा गाभा आणून स्मृतीत ठेवतो. गाभा एकेका उपकरणाची ओळख करून घेतो. मग लहानमोठ्या सेवा एकामागून एक उठतात. आणि सर्वांत शेवटी आपल्याला परवलीचा शब्द विचारणारा पडदा दिसतो. या साऱ्याला इंग्रजीत 'बूट' का म्हणतात, हेही त्याने सांगितले. आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाच्या एका म्हणीवरून तो शब्द आला आहे. डिस्क वाचायची कशी ते ज्याला ठाऊक, तो प्रोग्राम डिस्कवरच असतो. तेव्हा आधी कोणीतरी लहानाने बोट धरल्याखेरीज मोठ्याला उभेच राहता येत नाही.

"म्हणून सुरुवातीला अडलेलं यंत्र सगळ्यांत कठीण," तो म्हणाला. "चालू यंत्रात काही बिघडलं तर ते सांगतं तरी. इथे सांगणाराच अजून उठलेला नसतो."

हे वाक्य मला लागले. तक्रार सांगायची ज्या साधनांनी, तीच जागी व्हायची आहेत, आणि पुढे उभा असलेला माणूस विचारतो आहे, "बोल, काय झालं?" उत्तर येत नाही म्हणून तो बटण दाबून धरतो आणि यंत्र विझवतो. सकाळपासून मी ते तीनदा विझवले होते.

"किती वेळ थांबला होता दर वेळी?" त्याने विचारले.

"पाच मिनिटं," मी म्हणाले. दोन असतील.

आता, वाचकहो, प्रश्न खरोखरच अवघड आहे, आणि तो केवळ यंत्राचा नाही. समोरचे थांबले आहे, की सावकाश चालले आहे? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फिरणारे ठिपके पाहून आपल्याला वाटते, आत काम चालले आहे. पण ठिपके फिरवणे हे अगदी थोडके काम. ते एकीकडे चालू राहते आणि खरे काम दुसरीकडे केव्हाच ठप्प झालेले असते. उलट कधी ठिपकेही थबकतात आणि आत डिस्क मुकाट्याने आपली तपासणी करीत असते. घरात सून हसतमुखाने वावरते आहे म्हणून तिचे सारे ठीक चालले आहे, असे समजणारी माणसे आणि मुलगा दोन दिवस गप्प आहे म्हणून तो बिघडला, असे समजणारी माणसे, दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

याचा तळ शोधण्याचा प्रयत्न एका इंग्रज गणितज्ञाने केला होता. १९३६ साली, आज ज्याला आपण संगणक म्हणतो तो घडण्यापूर्वी, ॲलन ट्यूरिंग यांनी एक गोष्ट सिद्ध केली: कोणताही प्रोग्राम हाती दिला असता तो कधीतरी संपेल की अनंतकाळ चालत राहील, हे बिनचूक सांगणारी, सर्वांना लागू पडणारी एकच रीत असू शकत नाही. रीत अजून सापडलेली नाही, असे नव्हे. ती असूच शकत नाही. एखाद्या विशिष्ट प्रोग्रामाबद्दल सांगता येईल, दुसऱ्याबद्दलही येईल. पण सर्वांना पुरून उरेल अशी मोजपट्टी नाही. मला हे वाचून प्रथम धास्ती वाटली आणि मग काहीसे हायसे वाटले. चाळीस मुलांच्या वर्गात कोण अडला आहे आणि कोण सावकाश येतो आहे, हे ओळखणारी एकच रीत मला वीस वर्षांत सापडली नव्हती. ती हुकल्याची खंत मी उगाचच बाळगीत होते.

मग करायचे काय? जन्मभर ठिपके बघत बसायचे? तसे करणारी माणसेही आहेत. आमच्या कचेरीतल्या लिपिकांचे म्हणणे होते, "राहू द्या रात्रभर चालू, होईल आपोआप." याला आपण धीर म्हणतो. पण कारागिराने एक ऐकण्यासारखी गोष्ट सांगितली. जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी डिस्क जर टक् टक् असा आवाज करू लागली, तर तिला रात्रभर चालू ठेवणे हा घात आहे. दर फेरीबरोबर ती अधिक बिघडू शकते आणि आतला मजकूर गमावतो. तेथे ताबडतोब थांबवायचे आणि जाणत्याच्या हाती द्यायचे. धीराच्या नावाखाली आपण कितीतरी वेळा निव्वळ टाळाटाळ करतो. 'होईल मार्गी' म्हणून सोडून दिलेली व्यसने आणि 'वयात आला की सुधारेल' म्हणून सोडून दिलेली दुखणी यांचा टक् टक् आवाज ऐकू येत नसतो, असे थोडेच आहे?

उतावीळ माणूसही चुकतो आणि स्वस्थ बसणाराही चुकतो. दोघांची चूक एकच. दोघेही घड्याळाकडे पाहतात, यंत्राकडे पाहत नाहीत.

कारागीर यंत्राकडे पाहत होता. पेटीवरचा डिस्कचा बारीक दिवा लुकलुकतो आहे का, ते त्याने पाहिले. कळफलकावरची कॅप्स लॉकची कळ दाबली आणि तिचा दिवा लागतो की नाही, ते पाहिले. दिवा लागला. "नाडी आहे," तो हसून म्हणाला. दिवा लागतो म्हणजे आत कोणीतरी अजून हाक ऐकते आहे. पडद्यावर 'अद्ययावत करीत आहोत, वीज बंद करू नका' अशी सूचना असेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर तासभरही थांबावे. लिहिता लिहिता हात ओढला तर अक्षर मोडते, तसे भलत्या क्षणी वीज तोडली तर लिहिले जाणारे मोडते. दिवा निपचित, कळ निपचित, पडदा थिजलेला, असे असेल तर मात्र बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. तिच्या अनेक आवृत्त्यांत, उठताना एस्केपची कळ दाबली की शोभेचे चित्र बाजूला होते आणि मागे चाललेली कामे ओळीमागून ओळ दिसू लागतात. शेवटची ओळ पाहून अडले कोठे याचा सुगावा लागतो. पण येथेही नवशिका फसतो, असे तो म्हणाला. शेवटची ओळ ज्याची, तोच दोषी, असे त्याला वाटते. वास्तविक शेवटी बोलला त्याचे काम बहुधा झालेले असते. अडलेला असतो तो त्याच्या पुढचा, ज्याला अजून बोलताच आलेले नाही.

या लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत आणखी एक शहाणपणाची सोय आहे. प्रत्येक सेवेला उठण्यासाठी मुदत दिलेली असते. कोणी वेगळी ठरवली नसेल तर ती ९० सेकंदांची. एखादी सेवा अडली तर पडद्यावर तसे लिहून येते आणि सेकंद मोजले जातात. मुदत संपली की त्या कामापुढे 'अयशस्वी' अशी नोंद होते आणि शक्य तेथे बाकीचे यंत्र पुढे जाते. ९० हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. त्यातले मर्म असे की ही मुदत आधी ठरलेली असते, शांतपणी ठरलेली असते आणि जो अडला आहे त्यालाही लागू व्हायच्या आधीपासून ती असते. माझी मुलाला दिलेली मुदत मात्र माझ्या रागाने ठरवली होती. राग वाढला तिथे ती संपली.

कधी कधी अडण्याचे कारण असे असते की दोष कोणाकडेच नसतो. दोन कामे, दोन वस्तू. एकाने एक धरून ठेवली आहे, त्याला दुसरी हवी. दुसऱ्याने दुसरी धरली आहे, त्याला पहिली हवी. दोघेही सभ्यपणे वाट पाहताहेत आणि प्रलयापर्यंत पाहतील. नेदरलंड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६०च्या दशकात या पेचाला 'जीवघेणी मिठी' अशा अर्थाचे नाव दिले. मराठी माणसाला मिठी म्हटले की प्रतापगड आठवतो. ही मात्र दोन निरुपद्रवी जीवांची मिठी आहे. माझ्या माहितीत दोन सख्खे भाऊ आहेत. दर दिवाळीला दोघांच्याही घरी फराळाचा एक डबा जास्त भरला जातो. थोरला म्हणतो, त्याने आधी यावे, तो धाकटा आहे. धाकटा म्हणतो, त्याने आधी बोलवावे, तो थोरला आहे. डबे तसेच राहतात. येथे कितीही थांबले तरी काही होणार नाही. कोणीतरी एकाने आपल्या हातातले आधी सोडले पाहिजे. यंत्रातही उपाय तोच.

आता आमच्या पेटीकडे येऊ. लागोपाठ दोन-तीनदा उठणे फसले की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा पुढे करते. तेथून कारागिराने 'सेफ मोड' निवडला. या प्रकारात यंत्र अगदी आवश्यक तेवढ्याच सेवा घेऊन उठते. पडदा ओबडधोबड दिसतो, पार्श्वभूमी काळी, ऐट काही नाही. ताप आला की जुने वैद्य आधी लंघन सांगत, त्यातलाच हा प्रकार. लंघनाने सगळाच ताप उतरतो असे नाही, पण दुखणे अन्नाचे की आणखी कशाचे, ते उमगते. सेफ मोडमध्ये यंत्र उठले, तर बुडखा बहुधा शाबूत आहे. खोट मागाहून लादलेल्या कशात तरी आहे.

या साध्या युक्तीने जगाला एकदा हात दिला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलमुळे विंडोजवर चालणारी यंत्रे निळा पडदा दाखवून कोसळू लागली. पुन्हा उठू लागली की पुन्हा कोसळत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती संख्या सुमारे ८५ लाख होती. विमाने खोळंबली, आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय काय निघाला? यंत्र सेफ मोडमध्ये उठवायचे, ती एक फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचे. आणि असंख्य ठिकाणी हे माणसाने यंत्रापाशी जाऊन, हाताने, एकेक करून केले. काही यंत्रांबाबत तर पुन्हा पुन्हा, पंधरा वेळादेखील, चालू-बंद करून पाहा, असा सल्ला दिला गेला. त्या दिवशी किती कचेऱ्यांतून "काल याला हात कोणी लावला होता?" हा प्रश्न विचारला गेला असेल, देव जाणे. ज्यांना तो विचारला गेला त्यांच्यापैकी कोणाचाही काही दोष नव्हता.

आमचे यंत्र सेफ मोडमध्ये उठले. मग त्याने ते बंद केले, मागे वाकला आणि एकेक वायर काढू लागला. छपाईयंत्राची काढली आणि सुरू करून पाहिले, ठिपके तसेच. ती परत जोडली, दुसरी काढली. मी म्हटले, "सगळ्या एकदम का नाही काढत?" तो म्हणाला, "एकदम काढल्या तर सुरू होईल बाई, पण कशाने अडलं होतं ते कळणार नाही. मग उद्या पुन्हा अडेल." शिक्षेच्या बाबतीत आम्ही शिक्षक नेमके हेच विसरतो. सगळेच एकदम काढून घेतो, वर्ग गप्प होतो आणि कशाने बिघडले होते ते कायमचे गुलदस्तात राहते.

चौथ्या खेपेला त्याने पेटीच्या मागच्या खाचेतून बोटाच्या पेराएवढी एक वस्तू ओढून काढली. बटण दाबले. ठिपके फिरले, थांबले आणि पडद्यावर आमच्या शाळेचे निळे डोंगर उगवले.

"हा पेनड्राइव्ह कोणाचा?" त्याने विचारले. "जुना झालाय, अर्धा बिघडलाय. यंत्र दर वेळी त्याला नाव विचारतंय आणि उत्तराची वाट बघत बसतंय."

पेनड्राइव्ह माझा होता. माझ्या नव्या कादंबरीची सात प्रकरणे त्यात होती. मुले घरी गेल्यावर संध्याकाळी कचेरीत बसून मी ती लिहिते. आदल्या दिवशी, तो मुलगा निबंध संपवून गेल्यानंतर, मीच तो मागे खुपसला होता आणि विसरले होते. दुसऱ्यांच्या मनाचे कंगोरे रंगवणारी ती प्रकरणे मागे अडकली होती आणि पुढे एक मूल गुन्हेगार ठरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सर्वांसमोर सांगितले की चूक माझी होती. हे सांगणे सोपे गेले. मोठ्या माणसाला कबुली देताना बरे वाटते, लोक त्याला मोठेपणा म्हणतात. अवघड होते ते पुढचे. मी त्या मुलाला म्हटले, "परवा तुला काही सांगायचं होतं. ते मला ऐकायचंय."

तो उभा राहिला. "मी... मी..."

मराठीत कबुली आणि इन्कार दोन्ही 'मी'नेच सुरू होतात. त्या दिवशी मी त्या एका अक्षराचा निकाल लावून मोकळी झाले होते. आता मी हाताची घडी घातली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही, त्याचे वाक्य पुरे करायला शब्दही पुरवला नाही. अडखळणाऱ्याला तो पुढे केलेला शब्द मदत वाटत नाही, हे मी उशिराच शिकले. नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. कोणीतरी खुसखुसले, मग तेही थांबले. बाहेर मैदानावर कोणी बाकडी ओढीत होते, त्याचा आवाज येत होता.

"मी... मी नीट बंद केला होता, बाई."

एवढेच वाक्य होते ते. सहा शब्दांचे. त्याला किती वेळ लागला, ते मी मोजले नाही.